वेगळं माउंट

दुकानदाराने काउंटरवर मऊ कापड अंथरलं, त्यावर दोन कॅमेऱ्यांच्या बॉड्या मांडल्या आणि सवयीने डावीकडची उचलून समोरच्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या हातात दिली. या दुकानात कित्येक वर्षं वस्तू त्याच्याच हातात दिली जात होती. "तुमच्याच माउंटची आहे, दादा. घरातल्या सगळ्या लेन्सा वहिनींना बसतील. नुसती बॉडी घ्यायची, बाकी सगळं घरचंच." त्याने मान डोलावली. मान डोलावून झाली आणि मग त्याला ऐकू आलं, की शेजारी उभी असलेली त्याची बायको म्हणते आहे, "ती नको. ती दुसरी बघू. माउंट वेगळं असलं तरी चालेल." आणि जरा थांबून, भाजीवाल्याला हा नको, तो पलीकडचा द्या म्हणावं इतक्या सहज, "वेगळंच हवंय."

माउंट म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. बॉडीच्या तोंडाशी धातूचं एक कडं असतं. त्यावर लेन्स टेकवायची, फिरवायची, की खट असा आवाज होऊन ती बसते. एका कंपनीच्या कड्यात दुसऱ्या कंपनीची लेन्स बसत नाही. कितीही लाडीगोडी लावा, बसत नाही. पण हे कडं एकदा निवडलं की माणूस त्यातच म्हातारा होतो, आणि तो तसा होत आला होता. तो कॅटलॉगांसाठी फोटो काढायचा. घड्याळाचे काटे, बेअरिंग, स्क्रू, सुया, म्हणजे ज्या वस्तू नखाएवढ्या असतात आणि छापल्यावर तळहाताएवढ्या दिसाव्या लागतात त्यांचे. घराच्या मागच्या खोलीत त्याचं काचेचं कपाट होतं. लेन्सांना बुरशी धरू नये म्हणून त्यात एक बारका दिवा कायम जळत असे, आणि त्या उजेडात लेन्सा ओळीने बसलेल्या असत. मला सर्दी झाली की मलाही तिथेच ठेवत जा, असं बायको म्हणायची. हे कपाट दोघांचं आहे अशी त्याची समजूत होती. समजूत कसली, त्याने त्याचा कधी विचारच केला नव्हता, आणि ज्याचा विचार करावा लागत नाही ते आपलं असतं असं माणूस धरून चालतो. तिला वेगळं कडं हवं होतं, म्हणजे त्या कपाटातलं काहीही तिला नको होतं. माणसाच्या पोटात दुखतं ते पोटातच दुखतं असं नाही. त्याला ते मानेच्या मागे दुखलं, जिथे कॅमेऱ्याचा पट्टा बसतो तिथे.

दुकानदाराने वहिनींचं ऐकून घेतलं आणि दादांकडे पाहिलं. सगळ्यांना हो म्हणत म्हणत त्याने धंदा वाढवला होता, आणि आता दोघांना एकदम हो म्हणायची वेळ आल्यामुळे तो जरा गडबडला होता. त्याने दुसरी बॉडी पुढे सरकवली. ती लहान होती, हलकी होती, बायकोच्या हातात ती नीट मावली, आणि हे नवऱ्याला आवडलं नाही. "पण वहिनी, किडेच काढायचेत ना? मग मोठ्या सेन्सरचीच घ्या. दादांकडे आहे तशी." "मोठ्या सेन्सरला साय पातळ येते," ती म्हणाली. "मला जरा जाड साय हवी. किड्याचे डोळे आले की निदान मिशा तरी याव्यात." दुकानदार हसला. "साय. हे बेस्ट आहे वहिनी. गिऱ्हाइकांना समजावताना मी उगाच एवढा घसा कोरडा करतो."

साय. या अर्थाने तो शब्द नवऱ्याने पहिल्यांदाच ऐकला, आणि तो इतका बरोबर होता की त्याला राग आला. इतक्या जवळून फोटो काढताना समोरच्या वस्तूचा एक पातळ थर तेवढा स्पष्ट येतो, कागदाएवढा, आणि सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी पट्टी, मोठी असली तर त्याहूनही पातळ. त्याच्या अलीकडे धूसर आणि पलीकडेही धूसर. मुंगीच्या डोळ्यावर तो थर धरला की तिचे पाय गेलेच समजा. त्याचं सगळं आयुष्य हा थर थोडा जाड करण्यात गेलं होतं. दिवे वाढवायचे, लेन्सचं छिद्र बारीक करायचं, एकाच स्क्रूचे थोडं थोडं पुढे सरकत अनेक फोटो काढून ते एकमेकांवर चढवायचे. आणि एवढं करून त्याला त्या थराला एक साधं मराठी नाव सुचलं नव्हतं. तिलाही सुचणं शक्य नव्हतं. तिला हा शब्द कुणीतरी दिला होता. आणि तो कुणी दिला असेल हे शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही.

नाकतोडा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा, उंच, सदैव ढोपरं दुमडून कुठल्यातरी झुडपापाशी बसलेला. तिने त्याचा एक फोटो दाखवला होता, त्यात तो इतका घडी घालून बसला होता की नाव ठेवायला कष्टच पडले नाहीत. ती हसली होती, आणि मग म्हणाली होती, असं नको म्हणू, फार चांगले आहेत ते. तिथून सुरुवात. दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या पडीक जमिनीवर पाचसहा जण जमायचे आणि गवतात तोंड खुपसून बसायचे. ती परत यायची ती सलवारीला कुसळं चिकटवून, केसांत बी-बियाणं घेऊन, आणि जेवताना बोलत राहायची. ते म्हणतात, चतुर सकाळी गार असतो तेव्हा हलत नाही. ते म्हणतात, किड्याच्या पातळीला जाऊन बसावं, वरून काढलेला फोटो म्हणजे किड्याचा पत्ता, किडा नव्हे. एकदा म्हणाली, आज मी सरांची बॉडी घेतली हातात. बोलून झाल्यावर ती स्वतःच खो खो हसली, तोही हसला, आणि नंतर आठवडाभर बेअरिंगचे फोटो काढताना तेच वाक्य त्याच्या कानात वाजत राहिलं. बॉडी त्याची, लेन्स त्याची, डोळा हिचा. पुढे पुढे ती ते म्हणतात असं म्हणेनाशी झाली. हे जास्त वाईट होतं. माणूस उसना शब्द उसना म्हणून सांगतो तोवर ठीक, तो त्याचा झाला की संपलं.

आणि ते मनगटाचं. मागे एकदा खिडकीतल्या कुंडीत तिला एक माशी सापडली, मोहरीएवढी, हिरव्या डोळ्यांची. वारा होता, देठ डुलत होता. त्याने ट्रायपॉड आणला, देठाला चिमटा लावायला म्हणून तो चिमटा शोधत होता, तोवर तिने डाव्या हाताने देठ हळूच धरला, लेन्स त्याच मनगटावर टेकवली, आणि मग वाऱ्याने देठ हलला तर तिचा हात हलला आणि हाताबरोबर कॅमेराही हलला. तिघं एकत्र डुलत राहिले आणि माशी चित्रासारखी स्थिर आली. चिमटा हातात धरून तो दारात उभा होता. हे त्याने तिला शिकवलेलं नव्हतं. त्याच्या स्क्रूंना वारा लागत नाही. मग हे तिला कुणी शिकवलं असेल, आणि शिकवताना तिचं मनगट कसं धरलं असेल, कुठून, किती वेळ, हे तो त्या दिवसापासून बघत आला होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर एकदाच दिसलं असतं. न पाहिलेलं माणूस रोज बघतो.

"साठ एमेमची बघा, ही नव्वदची बघा," दुकानदार लेन्सा मांडत होता. "साठची लहान आहे, पर्समध्ये राहील." तिने साठची चढवून डोळ्याला लावली, काउंटरवरच्या पेनाच्या टोकापर्यंत वाकली आणि लगेच काढली. "ही नको. हिला फारच जवळ जावं लागतं. सावली पडते अंगावर." "मग लांबची घे," तो म्हणाला. "माझी मोठी आहे घरी. हातभर लांबून काढता येतं. किड्याला पत्ता लागत नाही." "जड आहे ती," ती म्हणाली, "आणि मला पत्ता लागलेला चालतो." दुकानदाराला मध्ये पडण्यासारखी एक फट दिसली. "दादा, वहिनी, वाद कशाला? अडॅप्टर येतो ना. हे एवढंसं कडं मध्ये लावायचं, की दादांच्या सगळ्या लेन्सा या बॉडीला बसतात. फोकस हाताने करावा लागेल, पण किडेवाले तसाही हातानेच करतात." त्याला एकदम बरं वाटलं. इतकं सोपं होतं तर. बोटभर जाडीचं कडं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती नव्वदची लेन्स कापडाने पुसत होती, जी मुळातच स्वच्छ होती. "अडॅप्टर नको," ती म्हणाली.

ती मुद्रितशोधक होती. छापखान्यात बसून दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या आणि अनुस्वार तपासायचे, हे तिचं काम. बारीक बघायची सवय तिला त्यामुळे असणार, असं तो लोकांना सांगायचा. म्हणजे तिच्या फोटोंचं श्रेय तो छापखान्याला द्यायला तयार होता. तिने पहिला फोटो काढला तो त्याच्याच टेबलावर. सुट्टीच्या दिवशी ती त्याला पांढरा पुठ्ठा धरून मदत करत होती, आणि मांडलेल्या बेअरिंगांमधून एक उडी मारणारा कोळी चालत आला. त्याने तो टिचकीने उडवायला बोट वर केलं. थांब, ती म्हणाली, आणि कॅमेरा त्याच्या हातातून घेतला, सरळ, विचारलंही नाही. कोळ्याने थांबून, वळून, आपल्या सगळ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. फोटो आला. त्याने तो पाहिला आणि तो म्हणाला, नशीब असतं एकेकाचं. दुसऱ्यांदाही तो हेच म्हणाला. पाचव्या-सहाव्या वेळेला नशीब म्हणणं त्यालाच बरं दिसेना, तेव्हा तो म्हणाला, लेन्स चांगली आहे ती.

मग वाचनालयाच्या हॉलमध्ये तिच्या रविवारच्या मंडळींचं प्रदर्शन लागलं. तिचा एकच फोटो होता: पानाच्या कडेला उभी असलेली मुंगी, जबड्यात पाण्याचा थेंब धरलेली, थेंबात उलटं झालेलं सगळं गवत. लोक त्या फोटोपाशी थांबत होते आणि थांबून त्याच्याकडे येत होते. छान तयार केलंत हो मिसेसना. लेन्स कुठली? हे तिला विचारलं जात होतं आणि उत्तर तो देत होता, कारण त्याला ते पाठ होतं. त्याची आई भिंतीशी खुर्चीवर बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आमच्या मुलाचं सगळं, तोच बसून बसून शिकवतो तिला, सुनेचं नशीब. सून शेजारीच उभी होती, हातात कागदी कप होता, आणि ती हसत होती. तिचं ते हसू त्याला तेव्हा समाधानाचं वाटलं होतं. प्रदर्शन संपायच्या आत तो एकदा कामाच्या दिवशी, कुणी नसताना, एकटाच हॉलमध्ये गेला. फोटोत चूक सापडते का ते बघायला गेला होता, हे त्याने स्वतःपासूनही लपवलं नाही. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, खिशातलं भिंग काढून पाहिलं. चूक नव्हती. तो आपल्या आयुष्यात असा एक फोटो काढू शकला नव्हता आणि यापुढे काढणार नव्हता, आणि हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की हॉलमधल्या पंख्याचा आवाजही त्याला थांबल्यासारखा वाटला. चौकट एका बाजूला थोडी कलली होती. ती त्याने सरळ केली नाही.

आता काउंटरपाशी उभं राहून त्याने आवाज खाली आणून विचारलं, "नाकतोड्याकडे हेच माउंट आहे ना?"

"सरांकडे? हो, हेच."

"म्हणजे त्याच्या लेन्सा तुला बसतील."

"बसतील की." मग तिच्या लक्षात आलं. ती त्याच्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला धीर आला असता. पण ती नुसती थकल्यासारखी दिसली. "अरे, त्यांनी तर मला तुझंच माउंट घ्यायला सांगितलंय. घरात कपाटभर लेन्सा असताना दुसरं घेणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणाले. किती वेळ समजावत होते. मीच ऐकलं नाही."

"का?"

"मला माझी हवीय."

"मग घरातल्या कुणाच्या आहेत?"

"तुझ्या आहेत," ती म्हणाली.

दुकानदार दुसऱ्या टोकाला जाऊन उगाच खोकी लावू लागला. नवऱ्याने आता थांबायला हवं होतं, पण संशयाला एकदा दार उघडून दिलं की तो पाय पुसून परत जात नाही. "आणि ते साय?" तो म्हणाला. "ते तरी त्यानेच शिकवलं असेल."

ती हसली. या वेळी खरंच हसली. "साय माझा शब्द आहे. आता सरच तो वर्गात वापरतात, पोरांना पटकन कळतं म्हणे."

"मला कधी बोलली नाहीस."

"सगळ्यात आधी तुलाच बोलले होते. तो कोळी आला होता ना टेबलावर, त्याचे डोळे तेवढे आले होते आणि पाय सगळे विरघळून गेले होते. मी म्हटलं, किती पातळ साय आहे रे ही. तू म्हणालास, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात."

तो असं म्हणाला असेल याबद्दल त्याला शंका वाटली नाही. त्याला ते वाक्य आठवलं नाही, पण तोंडाला त्याची चव आठवली. तिने शब्द आणून त्याच्या टेबलावर ठेवला होता आणि त्याने तो पुठ्ठ्यावरची धूळ झटकावी तसा झटकला होता, आणि मग ती तो शब्द घेऊन गवतात गेली होती, जिथे तो कुणीतरी घेतला. म्हणजे नाकतोडा नव्हताच. इतके महिने ज्या लांब टांगांच्या माणसाला त्याने मनातल्या मनात अंगणात उभं करून बदडलं होतं तो बिचारा याच्याच बाजूने बोलत होता. यावर हायसं वाटायला हवं होतं. दुकानाच्या काचेतून रस्त्यावर समोरच्या इमारतीचा रंगारी शिडीवरून खाली उतरताना दिसत होता, आणि त्याच्याकडे बघत बघत त्याला कळून चुकलं, की आपल्या मत्सराचं कारण एखादा पुरुष असता तर बरं झालं असतं. पुरुषाचा मत्सर करायला जागा असते. त्याला शिव्या घालता येतात, बायकोवर रुसता येतं, मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून चार गोष्टी सांगता येतात, आणि लोकही च्‌ च्‌ करतात. पण आपल्या बायकोला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, हे कुणाला सांगायचं? कानामागून आली आणि तिखट झाली असं आई शेजारणीच्या सुनेबद्दल म्हणायची तेव्हा तो हसायचा. ती वेगळं कडं मागत होती ते दुसऱ्या कुणाच्या लेन्सा लावता याव्यात म्हणून नव्हे, तर याच्या लावता येऊ नयेत म्हणून. आता जो फोटो येईल त्याखाली कुणी विचारलं लेन्स कुठली, तर उत्तर तिला द्यावं लागणार होतं आणि तो शेजारी कागदी कप घेऊन उभा राहणार होता. ही बॉडी आज घरी आली की ते ठरलंच.

"काढून तर बघा काहीतरी," दुकानदार परत आला होता. त्याने लहान बॉडीला नव्वदची लेन्स लावली, आत कार्ड सरकवलं आणि काउंटरवर एक नाणं ठेवलं. ती म्हणाली, "जिवंत काहीतरी हवं." "जिवंत म्हणजे आता मी आणि दादा." "मग तू बस," ती नवऱ्याला म्हणाली, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर त्याला बसवलं. दुकानदाराला फोन आला म्हणून तो आतल्या खोलीत गेला.

तिने डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं बारकं चाक फिरवून तो आपल्या नजरेला जुळवून घेतला. मग खुर्ची ओढून समोर बसली, इतकी जवळ की तिच्या ढोपरांनी त्याची ढोपरं बाजूला सारली. डाव्या हाताची करंगळी तिने त्याच्या गालाच्या हाडावर टेकवली आणि लेन्स आपल्या मनगटावर ठेवली. तिचा हात गार होता. "कुठे बघू?" "इथे, आत. श्वास घे, पण हळू." कॅमेऱ्याच्या या बाजूला तो वर्षानुवर्षं बसला नव्हता. लेन्सच्या काचेत त्याला त्याचंच तोंड दिसत होतं, मोहरीएवढं. काचेमागे ती होती आणि ती त्याच्याकडे बघत होती, त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नसेल तसं, काही शोधत नव्हती, काही तपासत नव्हती, नुसती थांबली होती. ती केसभर पुढे झुकली. आतला आरसा उचलला जाऊन परत पडला. एकच फोटो. "बघू," ती म्हणाली, आणि मागचा पडदा तिने हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पर्समध्ये हात घातला. "चाळिशी छापखान्यातच राहिली वाटतं. डोळा लावला की आतलं दिसतं, या पडद्यावरचं काही दिसत नाही. तू बघ."

त्याने बघितलं. तो स्वतःच्या डोळ्याला जन्मभर काळा म्हणत आला होता. तो काळा नव्हता. उसवलेल्या विणकामातला दोरा जसा वळणं धरून राहतो तसे तांबूस धागे बुबुळाभोवती मध्याकडे निघाले होते, एकेक वेगळा, मोजता यावा असा. त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटपर्यंत मोठा केला. साय जिथे हवी तिथेच बसली होती, पापणीवर नाही, पाण्यावर नाही, नेमकी त्या धाग्यांवर. मधल्या काळ्यात दुकानाची खिडकी होती आणि खिडकीत कोपर अंगाशी धरून वाकलेली ती होती. आणि तो डोळा नुसता उघडा नव्हता. तो कुणावर तरी नजर ठेवून होता. हे तिने बघून काढलं की न बघता काढलं हे त्याला कळेना. मुंगीचा फोटो याच्यापुढे काहीच नव्हता. आतून कौतुक वर येऊ लागलं. पण ते वर येईपर्यंत त्याचं दुसरंच काही होऊन बसलं.

"कसा आलाय?" तिने विचारलं.

ती पहिल्यांदा कॅमेरा धरायला लागली तेव्हा फसलेल्या फोटोंवर तो तिच्या खांद्यावरून बघून एकच शब्द बोलायचा. आताही त्याला तोच शब्द सापडला; पहिल्या दिवसांत तो खरा असायचा. "हललाय," तो म्हणाला.

"हललाय?"

"जरासा."

"परत काढू." तिने पुन्हा करंगळी टेकवली, पुन्हा श्वास धरला. आणि ती दाबणार हे त्याला तिच्या बोटातून आधीच कळलं, तेव्हा त्याने मान मागे घेतली. फार नाही, केसभर. इतक्या जवळून केसभरच पुरतं. पडद्यावर तपकिरी धुकं होतं, आणि या वेळी त्याला खोटं बोलावं लागलं नाही. तिसऱ्यांदाही लागलं नाही. "हलकी आहे ना बॉडी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी समजूतदार निघाला. "हलकी बॉडी हातात राहत नाही. वजन लागतं."

तिने ती लहान बॉडी या हातातून त्या हातात घेतली. "किड्यांचं जमतं मला," ती म्हणाली, कुणालाही उद्देशून नव्हे. मग म्हणाली, "पुसून टाक ते. हललेले कशाला ठेवायचे दुकानाच्या कार्डात." त्याने बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, पुसायचं का. त्याने हो म्हटलं, तीनदा. धुकं गेलं, दुसरं धुकं गेलं, आणि मग तो डोळा काही क्षण त्याच्याकडे बघत राहिला आणि गेला. त्याच्या मागे आधीच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाने काढलेला दुकानाच्या छताचा फोटो आला. दुकानदार हात पुसत बाहेर आला तेव्हा तिने लहान बॉडी मऊ कापडावर जपून ठेवली होती. "ती पहिलीच द्या," ती म्हणाली. "ह्याच्या माउंटची." "मी काय म्हणत होतो, वहिनी," दुकानदार म्हणाला, आणि खोकं बांधून त्याने ते दादांच्या हातात दिलं.

रस्त्यावर उन्हं उतरली होती. रंगाऱ्याची शिडी आता भिंतीला आडवी पडली होती. खोकं जड होतं आणि त्याने ते छातीशी धरलं होतं, आणि जिंकलेल्या माणसाला जे वाटतं ते त्याला अजून वाटत नव्हतं. घरी गेल्यावर वाटेल, असं तो स्वतःला सांगत होता. ती त्याच्या बाजूने चालत होती, पर्स खांद्यावर, दोन्ही हात मोकळे. "बरं झालं तू बरोबर होतास," ती म्हणाली. "एकटी आले असते तर हट्टाने तीच घेऊन बसले असते." त्याने मान हलवली. सिग्नलपाशी ते थांबले. त्याला तो फोटो दिसत होता. एकेक धागा त्याने जिथल्या तिथे दाखवला असता, कागद दिला असता तर काढून दाखवला असता, आणि यापुढे मागच्या खोलीत जे काही तो दिव्याखाली ठेवील ते या फोटोशेजारी ठेवून बघितलं जाणार होतं. जगात तो फोटो पाहिलेला माणूस हा एकटाच होता. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पहिला मात्र, दाबतानाच मला वाटलं होतं, की हा आला."

"कुठला पहिला?" तो म्हणाला.